आयोवा, २०१०: तीन न्यायमूर्ती आणि मतपत्रिकेची मागची बाजू

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मतदारांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायमूर्तींना घरी पाठवलं. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता, कामात कुचराई केल्याची तक्रार नव्हती आणि त्यांच्याविरुद्ध कुणी उमेदवारही उभा नव्हता. समलिंगी लग्नांना वाट मोकळी करणारा दीड वर्षापूर्वीचा एक निकाल त्यांना भोवला. तो निकाल मात्र जागेवरच राहिला.

नेमणूक कशी झाली यावरच न्यायाधीशांचं स्वातंत्र्य ठरतं, असं आपण धरून चालतो. आयोवाचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते नेमणुकीनंतरच्या गोष्टीसाठी: न्यायाधीश पदावर टिकतो कसा, आणि त्याला टिकवायची जबाबदारी कुणाची. इथे आलेली नावं सगळी सार्वजनिक पदांवरच्या माणसांची आहेत. ज्यांच्या दाव्यातून हे सुरू झालं त्या जोडप्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. आपल्या उच्च न्यायालयाशी त्याची तुलना करायचा मोह होतो, पण ती नीट बसत नाही. राज्याच्या राज्यघटनेचा अर्थ काय, यावर तिथल्या न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. राज्यांना स्वतंत्र राज्यघटना असते हेच आपल्याला नवीन, त्यामुळे ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हे न्यायमूर्ती निवडायच्या पद्धतीही राज्यागणिक वेगळ्या. व्हर्जिनियात विधिमंडळ निवडतं. टेक्सासात ते पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतात. विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, पण २०२५ साली तिथल्या एका जागेच्या निवडणुकीत सगळ्यांचा मिळून खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला.

आयोवातही १८५७च्या राज्यघटनेपासून न्यायमूर्ती निवडणुकीनेच येत. १९६२ साली मतदारांनी घटनादुरुस्ती करून ती पद्धत बंद केली आणि मिसुरी राज्याचा कित्ता गिरवला. मिसुरीत कॅन्सस सिटीचा टॉम पेंडरगास्ट हा राजकीय दादा न्यायालयापर्यंत हात पोचवून होता. त्याला कंटाळून तिथल्या लोकांनी १९४० साली निवड आणि राजकारण यांच्यामध्ये एक भिंत घातली. आयोवाने ती आपल्या पद्धतीने बांधली. जागा रिकामी झाली की एक नामनिर्देशन आयोग अर्ज मागवतो, मुलाखती घेतो आणि तीन नावं गव्हर्नरकडे पाठवतो. गव्हर्नर म्हणजे तिथला निवडून आलेला कारभारी, आपल्या राज्यपालासारखा नव्हे. त्याला त्या तिघांतूनच एक निवडावा लागतो. २०१० साली आयोगातले निम्मे सदस्य गव्हर्नरने नेमलेले, निम्मे वकिलांनी आपल्यातून निवडलेले आणि अध्यक्षस्थानी न्यायालयातलेच एक ज्येष्ठ न्यायमूर्ती, अशी रचना होती.

लोकांचा हात मात्र पूर्ण काढून घेतला नव्हता. नेमणुकीनंतर किमान एक वर्ष झालं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या न्यायमूर्तीचं नाव मतपत्रिकेवर येतं आणि नंतर दर आठ वर्षांनी, वयाच्या ७२व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत. याला रिटेन्शन म्हणतात: पदावर कायम ठेवायचं का, हो की नाही? समोर दुसरं नाव नाही, पक्षाचं चिन्ह नाही. साध्या बहुमताने निर्णय होतो. ‘नाही’ जास्त पडले तर वर्षअखेरीस खुर्ची सोडायची.

आता ती मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. जाड, लांब कागद. नावापुढचा लंबगोल काळ्या शाईने भरायचा. वर गव्हर्नर, सिनेट, काँग्रेस; खाली काउंटीची, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाची, पदं. मग कागद उलटायचा, आणि मागे कुठेतरी न्यायाधीशांची यादी. ज्या नावांबद्दल आयुष्यात कधी काही ऐकलेलं नाही, त्यांच्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे दोन लंबगोल. राजधानी डे मॉइन किंवा आयोवा सिटीत राहणारा, नव्याने नागरिक झालेला मराठी माणूस इथे अडखळला तर नवल नाही, कारण चार पिढ्या तिथे शेती करणारी माणसंही अडखळतात. पुष्कळ जण हा भाग कोरा सोडतात आणि उरलेले सवयीने ‘हो’ करतात. १९६२ ते २०१० या काळात सर्वोच्च न्यायालयातला एकही न्यायमूर्ती या कौलात हरला नव्हता.

प्रश्न कसा उभा राहिला

१९९८ साली आयोवाच्या विधिमंडळाने लग्न फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातच होईल असा कायदा केला. सहा समलिंगी जोडप्यांनी डे मॉइन ज्या काउंटीत आहे त्या पोक काउंटीत परवान्यासाठी अर्ज केले, ते नाकारले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ३ एप्रिल २००९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध शून्य असा निकाल दिला: हा कायदा राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमाविरुद्ध आहे. निकालपत्र न्यायमूर्ती मार्क केडी यांनी लिहिलं.

हे निकालपत्र लोकांशी बोलतं. आयोवाच्या न्यायालयाने १८३९ साली, राज्य होण्याच्याही आधी, एका माणसाला गुलामगिरीत परत पाठवायला नकार दिला होता. १८६८ साली एका काळ्या मुलीला तिच्या वस्तीतल्या शाळेत प्रवेश द्यायला लावला होता, म्हणजे साऱ्या देशात शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला त्याच्या ८६ वर्षं आधी. केडी यांनी ही वंशावळ आठवून दिली. धर्माच्या आक्षेपालाही त्यांनी बगल दिली नाही. सरकारी लग्न आणि धार्मिक लग्न वेगळं आहे, कोणत्याही चर्चने काय मानावं हे आम्ही सांगत नाही, असं त्यांनी उघड लिहिलं. निकालपत्रात यापेक्षा जास्त काही करता आलं असतं असं मला वाटत नाही.

लोकांचा मोठा भाग तरीही संतापला. त्या संतापाला जायला वाट कुठली होती, तेही पाहायला हवं. निकाल पालटायचा तर राज्यघटना बदलायला हवी, आणि त्यासाठी दुरुस्तीचा ठराव लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी मंजूर करून मग लोकांसमोर न्यावा लागतो. राज्याच्या सिनेटमधले, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले, डेमोक्रॅटिक बहुमताचे नेते माइक ग्रॉन्स्टल यांनी तो ठराव चर्चेलाच येऊ दिला नाही. पुढचं दार बंद झालं आणि लोंढा मागच्या दाराकडे वळला. ते दार म्हणजे मतपत्रिकेची मागची बाजू.

२०१०च्या यादीत कोण होतं? सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. टर्नस १९९३ साली नेमल्या गेल्या, रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांच्याकडून. आयोवाच्या त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश. स्ट्राइट २००१चे, बेकर २००८चे. निकालपत्र लिहिणारे केडी मात्र यादीत नव्हते, कारण त्यांचा कौल २००८ साली, निकालाच्या पाचच महिने आधी, होऊन गेला होता आणि पुढचा थेट २०१६ साली होता. निकाल सातही जणांचा, पण हिशेब द्यायला कॅलेंडरने तिघांना पुढे केलं.

जून २०१० मध्ये सू सिटीचे बॉब व्हँडर प्लाट्स रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत गव्हर्नरपदाची उमेदवारी हरले. ब्रॅनस्टॅड जिंकले. ऑगस्टमध्ये व्हँडर प्लाट्स यांनी तीन न्यायमूर्तींविरुद्ध ‘नाही’ची मोहीम जाहीर केली. जवळपास दहा लाख डॉलर खर्च झाले आणि त्यातला मोठा वाटा राज्याबाहेरच्या संघटनांचा होता. टीव्हीवर जाहिराती लागल्या, बस गावोगाव फिरली. जे लग्नाची व्याख्या बदलू शकतात, ते उद्या तुमच्या जमिनीवर आणि बंदुकीवरही येतील, असा प्रचाराचा सूर होता. लोकांना कागद उलटायला पहिल्यांदाच कुणीतरी कारण दिलं होतं.

न्यायमूर्तींपुढचे पर्याय

सगळ्यात अवघड निर्णय इथला आहे.

नियमांनुसार, उघड विरोध असेल तर न्यायमूर्तीला प्रचार समिती काढता येत होती. पैसा गोळा करा, जाहिरातीला जाहिरातीने उत्तर द्या. पण पैसा येणार कुठून? मुख्यतः वकिलांकडून, आणि तेच वकील उद्या याच न्यायालयात उभे राहणार. आपल्या विरुद्ध बाजूच्या वकिलाने न्यायमूर्तीच्या समितीला किती दिले होते, असा प्रश्न पक्षकाराच्या मनात आला की निकाल कितीही चोख असला तरी त्याला बट्टा लागतो. १९६२ साली घातलेली भिंत न्यायमूर्तींनीच आतून पोखरल्यासारखं झालं असतं.

दुसरी वाट होती पैसे न घेता बोलायची. सभा, रेडिओ, चर्चची तळघरं, वर्तमानपत्रं. निकालाची वकिली करायची नाही, पण न्यायालय काय करतं आणि तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ काय, एवढं तरी समजावून सांगायचं.

तिसरी वाट गप्प राहून इतरांवर सोपवण्याची. बार असोसिएशन आहे, माजी लोकप्रतिनिधी आहेत, संपादक आहेत.

तिघांनी पहिली वाट साफ नाकारली. समिती नाही, पैसा नाही, एकत्र प्रचार नाही. टर्नस न्यायालयाच्या भूमिकेबद्दल काही ठिकाणी बोलल्या, पण मत मागितलं नाही. म्हणजे वाट मुख्यतः तिसरी, दुसरीचा थोडा आधार घेऊन.

प्रत्यक्षात काय झालं

बार असोसिएशनने दरवेळेप्रमाणे वकिलांकडून न्यायाधीशांच्या कामाचं मूल्यमापन करून घेतलं आणि प्रसिद्ध केलं. तिघांनाही कायम ठेवावं असाच त्याचा कल होता. सप्टेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर डे मॉइनला आल्या आणि गुणवत्तेवर निवड करायच्या पद्धतीच्या बाजूने बोलल्या. न्यायालयाच्या बाजूने काही नागरिक गट उभे राहिले, पण उशिरा, आणि त्यांच्या हातात पैसाही कमी होता.

मला यात खुपतं ते असं. विरोधकांचं म्हणणं एका ओळीचं होतं: यांनी तुमचं लग्न बदललं, यांना काढा. समर्थकांना त्याला उत्तर देण्याआधी नामनिर्देशन आयोग, रिटेन्शन, राज्यघटनेचा अर्थ लावणं, हे सगळं अ-आ-इ-ईपासून शिकवावं लागत होतं, तेही ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या ऐन धांदलीत. अठ्ठेचाळीस वर्षं सगळं सुरळीत चाललं म्हणून शिकवायची गरज कुणाला वाटली नव्हती. शिवाय वकिलांनी वकिलांच्या भाषेत दिलेले गुण शेतकऱ्याला काय सांगणार? कोलोरॅडोसारख्या राज्यात सामान्य नागरिकांचाही समावेश असलेले आयोग न्यायाधीशांच्या कामाचा अहवाल तयार करतात आणि तो मतदारांना घरी मिळणाऱ्या पुस्तिकेत छापला जातो. आयोवात तसं काही नव्हतं.

निकाल

टर्नस यांना सुमारे ४५ टक्के ‘हो’ मिळाले. स्ट्राइट आणि बेकर यांना किंचित जास्त. तिघेही गेले. एरवी कोरा राहणारा तो भाग या वेळी कितीतरी जास्त लोकांनी भरला होता.

त्याच कागदावर आणखी एक प्रश्न होता, आणि या प्रकरणाबद्दल बोलताना लोक तो हमखास विसरतात. आयोवात दर दहा वर्षांनी मतदारांना विचारलं जातं की राज्यघटना नव्याने तपासण्यासाठी घटनापरिषद बोलवायची का. २०१० हे ते वर्ष होतं. विधिमंडळाला वळसा घालून लग्नाचा निकाल पालटण्याचा रस्ता त्या प्रश्नातून जाऊ शकत होता. मतदारांनी तो मोठ्या फरकाने नाकारला. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी न्यायमूर्तींना काढलं, त्याच दिवशी निकाल बदलण्याचं हत्यार हाती घ्यायला नकार दिला. लोकांना निकाल पालटायचाच होता असं यावरून सरळ म्हणता येत नाही. रिटेन्शनच्या ‘नाही’मध्ये राग मावतो. त्या रागाचं पुढे काय करायचं, हे तो लंबगोल विचारत नाही.

३१ डिसेंबरला तिघांनी पद सोडलं. न्यायालयात तेव्हा टर्नस एकट्याच महिला न्यायमूर्ती होत्या. त्यांच्यानंतर पुढची महिला २०१८ साली आली. जानेवारी २०११ मध्ये उरलेल्या न्यायमूर्तींनी आपल्यातून सरन्यायाधीश निवडला, आणि ते होते मार्क केडी, ज्यांनी तो निकाल लिहिला होता. रिकाम्या तीन जागा पुन्हा गव्हर्नर झालेल्या ब्रॅनस्टॅड यांनी आयोगाच्या यादीतून भरल्या. काही आमदारांनी उरलेल्या चौघांवर महाभियोग आणायची भाषा केली, पण ती पुढे गेली नाही. आयोवातली लग्नं चालू राहिली. २६ जून २०१५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच हक्क साऱ्या देशाला दिला. २०१२ साली टर्नस, स्ट्राइट आणि बेकर यांना केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानाचा धैर्यासाठीचा पुरस्कार मिळाला होता.

दोन वर्षांनी, तोच प्रश्न

२०१२ साली पाळी आली डेव्हिड विगिन्स यांची. सातातले तेही एक. व्हँडर प्लाट्स यांची बस पुन्हा निघाली, रिक सँटोरम यांच्यासारखे राष्ट्रीय नेते त्यात सामील झाले. विगिन्स यांनीही समिती काढली नाही, पैसा मागितला नाही. न्यायमूर्तीच्या वागण्यात काहीच बदल नव्हता.

बाकीच्यांच्या वागण्यात होता. या वेळी बार असोसिएशनने स्वतःची बस काढली आणि ती विरोधकांच्या बसच्या मागोमाग त्याच गावांत नेली. तिथे सभा झाली की इथेही वकील उभे राहून सांगत: तुम्हाला विचारलेला प्रश्न हा आहे, आणि हे न्यायमूर्ती त्यांचं काम असं करतात. दोन्ही पक्षांतली जुनी, मानाची मंडळी वेळेत पुढे आली. त्या वर्षी अध्यक्षीय निवडणूक असल्याने मतदारही जास्त आणि वेगळे होते, त्याचा परिणाम मी नाकारत नाही. विगिन्स साडेचोपन्न टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन टिकले. २०१६ साली केडी आणि त्यांच्याबरोबरचे दोघे तर आरामात टिकले.

वेगळं काय करता आलं असतं

पैसा न घेण्याचा तिघांचा निर्णय बरोबर होता, असं मी ठामपणे म्हणेन. खुर्ची गेली तरी बरोबर होता. पैसा न घेणं आणि न बोलणं यांत मात्र अंतर आहे, आणि २०१० साली ते पुसलं गेलं. विशेषतः बेकर यांचा हा पहिलाच कौल होता. दोन वर्षांपूर्वी आलेला माणूस, लोकांना चेहराही माहीत नाही. अशा न्यायमूर्तीने वर्षभर आधीपासून काउंटीच्या न्यायालयांत, शाळांत जाऊन आपलं काम समजावून सांगितलं असतं तर त्याला प्रचार कुणी म्हटलं नसतं. पुढे केडी यांच्या न्यायालयाने सुनावण्या डे मॉइनबाहेर, लहान गावांत नेल्या. लोकांनी शाळेच्या सभागृहात बसून युक्तिवाद ऐकले. ते २००९च्या आधीपासून जोमाने व्हायला हवं होतं.

बार असोसिएशनची चूक मला जास्त मोठी वाटते. न्यायमूर्तींच्या तोंडाला मर्यादा होती, वकिलांच्या नव्हती. बस काढायची कल्पना २०१२ साली सुचली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुचायला काहीच अडचण नव्हती. यादीत निकालातले तिघे येणार, हे तर निकालाच्या दिवशीच कॅलेंडर पाहून कळत होतं. हातात दीड वर्ष होतं.

मग रिटेन्शनच काढून टाकावं का? आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश कॉलेजियमच्या शिफारशीने येतात, ६२व्या वर्षी निवृत्त होतात आणि मधल्या काळात लोकांना कुणी काही विचारत नाही. २०१५ साली राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाला तेव्हा आपण नेमणूक कुणी करावी यावर पुष्कळ भांडलो. टिकण्याचा प्रश्न आपल्याकडे चर्चेतच येत नाही. आयोवाच्या माणसाला ही व्यवस्था बंदिस्त वाटेल आणि त्यात तथ्य आहे. मला रिटेन्शन ठेवावंसं वाटतं, पण मूल्यमापनाच्या पुस्तिकेसकट. मतदाराच्या हातात फक्त दोन लंबगोल देणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

राजकारणाने पुढे दुसरी वाट धरली. मतदारांकडून न्यायमूर्ती काढवून घेण्यापेक्षा आयोग हातात घेणं सोपं होतं. २०१९ साली विधिमंडळाने कायदा बदलला: आयोगात गव्हर्नरचे नऊ आणि वकिलांचे आठ, न्यायमूर्ती अध्यक्ष बाहेर. एका मताचा फरक, पण तीन नावांची यादी त्याच मतावर ठरू शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केडी अचानक वारले आणि त्यांची जागा नव्या रचनेतून भरली गेली.

२०२४ साली न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी गर्भपातावरच्या कडक कायद्याचा मार्ग मोकळा केला. त्या चौघांतले डेव्हिड मे यांचं नाव नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर आलं. आता ‘नाही’चं आवाहन दुसऱ्या बाजूने होत होतं. मे आरामात टिकले.